चि. समीर यास, खानापूरहून

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू म्हणालास की अंगदुखी थांबली, झोप लागते, भूकही लागते, तेव्हा नुसत्या समुपदेशनासाठी धारवाडच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहण्यात अर्थ नाही आणि शनिवारी तू घरी येतोस. आईने तुझी खोली झाडूनही ठेवली. तरीही मी लिहितो आहे की इतक्यात येऊ नकोस.

डॉक्टरांनी मला बसवून घेऊन समजावले. औषधांनी शरीर नशेच्या गोळ्यांवाचून राहू लागते. परंतु कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत आणि मनाच्या कोणत्या अवस्थेत हात पुन्हा गोळीकडे जातो, हे ओळखण्याचे काम थेरपीत होते. तलफ काही वेळाने ओसरते, तेवढा वेळ कसा काढायचा, स्टँडमागच्या त्या मुलांना नाही कसे म्हणायचे, याचा तेथे सराव करून घेतात. पुन्हा पाय घसरला तरी उपचार वाया गेले असे ते धरत नाहीत. मात्र त्यांनी बजावले की गोळ्या बंद राहिल्यावर अंगाची सवय मोडते, आणि मग पूर्वीइतक्याच घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. म्हणून म्हणतो, शनिवारचे रद्द कर.

समुपदेशक कन्नड बोलतात म्हणून मन मोकळे होत नाही, असे तू आईला सांगितलेस. मराठी जाणणारे कोणी आहे का ते विचार. नसल्यास खुशाल कन्नडमध्ये बोल. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालणारा तुझा बाप हे सांगतो आहे!

पुन्हा मास्तरकी झाली, राग मानू नकोस. सातवीत जत्रेच्या कुस्तीत तू चितपट झालास, तेव्हा अंगाची मातीही न झटकता वस्तादांपुढे जाऊन "माझा पाय कुठे चुकला?" असे विचारलेस. दादा हरला की आठवडाभर अबोला धरायचा. तुझे ते विचारणे मी अजून लोकांना सांगतो.

शहापूरच्या आत्याला काही कळवलेले नाही. कुटुंबासोबतच्या बैठकीसाठी आम्हा दोघांना बोलावले आहे, गुरुवारी येतो. माझ्यासमोर बोलणे जड वाटले तर मी बाहेर बाकावर बसेन. शनिवारची गाडी मात्र धरू नकोस.

तुझा,
बाबा