सिनसिनाटसचा दुसरा कार्यकाळ

संकटकाळी शेतावरून बोलावून डिक्टेटर, म्हणजे रोमचा तात्पुरता सर्वाधिकारी, नेमलेल्या सिनसिनाटसवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. टायबर नदीपलीकडचे जेमतेम अडीच एकरांचे शेत, निरोप आल्यावर धूळ-घाम पुसून पत्नीकडून मागवलेला टोगा (रोमन नागरिकांचे औपचारिक वस्त्र) आणि सोळाव्या दिवशी सोडलेले सर्वाधिकार, ही इ.स.पूर्व ४५८ मधली कथा रोमन इतिहासकार लिव्हीने चारशेहून अधिक वर्षांनी लिहिली, हे सांगायला हवे होते. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. लेखक सारे श्रेय त्याच्या निःस्पृहतेला देतात. रोमन डिक्टेटरची मुदतच मुळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची होती. काम संपताच पद सोडणे हा रिवाज होता. रोमन सेनापती सुलाने इ.स.पूर्व ८२ मध्ये हे पद मुदतीविना घेतले. पुढे त्याने ते सोडले खरे, पण वाट मोकळी झाली होती. इ.स.पूर्व ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला.

शिवाय लिव्हीच्याच म्हणण्यानुसार इ.स.पूर्व ४३९ मध्ये सिनसिनाटसला डिक्टेटर म्हणून पुन्हा बोलावले गेले. त्या वेळी टंचाईत गरिबांना धान्य वाटणाऱ्या स्प्युरियस मेलियसला, राजा होऊ पाहतो या संशयावरून, सिनसिनाटसच्या साहाय्यक अधिकाऱ्याने खटल्याविना ठार केले. सिनसिनाटसने या हत्येचे भर सभेत समर्थन केले. लेखात या प्रसंगाचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, सातारा