‘भस्मासुर’ म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसले. लेखकाने व्हिक्टरला भोळा शास्त्रज्ञ ठरवलं, त्याने घडवलेल्या जीवाला भस्मासुर म्हटलं आणि लगेच गाडी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळवली. त्या विषयावर खुशाल लिहा, पण त्यासाठी मेरी शेलीला वेठीस धरू नका.

भस्मासुराची गोष्ट वेगळी. त्याने वर मागितला, शंकराने दिला. इथे त्या जीवाचं मागणं होतं ते फक्त सोबतीचं. व्हिक्टर कबूल झाला, स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर जाऊन कामाला लागला आणि तो बिचारा खिडकीतून पाहत असताना त्याच्या डोळ्यांदेखत त्या अर्धवट घडलेल्या जोडीदारणीचे तुकडे केले. त्यानंतरचं वैर एकट्याचं कसं? दोघंही सूडाच्या शपथा घेतात, आणि दोघंही स्वतःची तुलना मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातल्या सैतानाशी करतात. एक, म्हणजे व्हिक्टर, जर्मनीतल्या इंगोलस्टाटच्या खोलीत दार लावून घेऊन, घरच्यांच्या पत्रांना उत्तरं न देता ज्ञानामागे वेडा झालेला. दुसरा द लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात दडून, फटीतून पाहत बोलायला शिकणारा. शेवटी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या दिशेने पाठलाग सुरू होतो, तेव्हा पुढे पळणारा तो जीव मागून येणाऱ्या व्हिक्टरसाठी खुणा ठेवत जातो. एकदा तर मेलेला ससा ठेवतो, खा आणि ताजातवाना हो म्हणून लिहून ठेवतो. मारायचंच असतं तर खाऊ कशाला घालेल? त्याला मागे येणारा तो एकच माणूस हवा होता. व्हिक्टर जहाजावर मेल्यावर त्याच्या प्रेताजवळ आक्रोश करायला येतो तोही हाच. तुमच्या लेखात यातलं अक्षर नाही.

माझा राग जुना आहे, तेही सांगते. माझी भाची बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेऊन शिकत होती. कॉलेजच्या परीक्षेत ‘राक्षसाचे स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न आला. पोरीने उत्तरात व्हिक्टरच्या घरी कामाला असलेल्या जस्टीनचा खटला घेतला. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, गळा दाबल्यावर त्या जीवाने मुलाच्या गळ्यातलं छोटं चित्र झोपलेल्या जस्टीनच्या कपड्यांत सरकवलं. खरा खुनी कोण हे व्हिक्टरला ठाऊक होतं, विजेच्या लखलखाटात त्याने त्याला पाहिलं होतं. पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो कोर्टात गप्प बसला. त्याची होणारी बायको एलिझाबेथ बिचारी जस्टीनच्या बाजूने उभी राहून बोलली, हा मात्र कोर्टातून निघून गेला. जस्टीन फासावर गेली. भाचीने लिहिलं होतं, ‘एकाने पुरावा ठेवला, दुसऱ्याने तोंड मिटलं. राक्षसाचं चित्रण व्हिक्टरला सोडून करताच येत नाही.’

उत्तरावर लाल शाईची आडवी रेघ आणि शेरा, ‘प्रश्न सोडून उत्तर.’ ती सरांकडे विचारायला गेली तर त्यांनी गाईड उघडून मुद्द्यांवर बोट ठेवलं: दुष्ट, क्रूर, कृतघ्न. संध्याकाळी माझ्याकडे येऊन उत्तरपत्रिका समोर टाकून रडली. मी ते उत्तर तेव्हाच वाचलं, आणि मला आजही वाटतं की त्या वर्गात कादंबरी खरोखर वाचलेली ती एकटीच असावी. काल तुमच्या पुरवणीत तेच तीन शब्द त्याच क्रमाने वाचले, तेव्हा डोकं फिरलं. कृतघ्न! जन्मल्याबरोबर ज्याच्याकडे त्याने हात पुढे केला, तो जन्मदाता घाबरून अंगणात पळाला. त्याला ना नाव दिलं, ना घासभर अन्न. मग कृतघ्नता कोणाची?

ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली होती, आणि १८१५ मध्ये तिची स्वतःची पहिली तान्ही मुलगी गेली. टाकून दिलेल्या लेकराचं दुःख तिने ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही.

आणि लेखासोबतचं ते चित्र! मानेत खिळे, चपटं डोकं. ते १९३१ च्या सिनेमातलं आहे. १८१८ च्या पुस्तकातल्या त्या जीवाचे केस लांब, काळे आणि चमकदार आहेत, दात मोत्यासारखे शुभ्र. व्हिक्टरने प्रत्येक अवयव सुंदर म्हणून निवडला होता. मग पिवळट डोळा उघडला आणि त्याला स्वतःच्याच निवडीची किळस आली. चित्रकाराला निदान एवढं पान तरी वाचायला द्यायचं होतं.

लेखकाला विनंती की त्यांनी जस्टीनच्या खटल्याचं प्रकरण पुन्हा वाचावं आणि पुढच्या रविवारी त्यावर चार ओळी लिहाव्यात. तुम्हाला विनंती एवढीच की हे पत्र छापणार असाल तर भाचीच्या उत्तराचा मजकूर कापू नका. मागच्या खेपेस माझ्या पत्रातला नेमका मुद्द्याचाच परिच्छेद तुम्ही जागेअभावी गाळला होता, आणि त्याच पानावर निम्म्या पानाची जाहिरात होती.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली