मापाच्या वहीतल्या पानाबद्दल, काकाजी

नागपूर

आदरणीय काकाजी यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात महाल भागातले तुमचे शिवणकामाचे दुकान कायमचे बंद करताना तुम्ही मापाच्या वहीतले माझे पान काळजीपूर्वक फाडून माझ्या हाती दिलेत आणि "आता हे तुमच्याकडंच राहू द्या, ताई," एवढेच म्हणालात. त्या पानावर २०१३ पासूनची माझी मापे एकाखाली एक लिहिलेली आहेत: छाती, खांदा, मुंढा, बाही, घेर, उंची. त्या वेळी दुकानात इतर गिऱ्हाइके होती, माझाही कंठ दाटून आला होता, आणि आभाराचा शब्द राहूनच गेला. तो आज सर्वांसमक्ष लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलेत ते कपाट ओसंडत असूनही रोज सकाळी त्यापुढे हताश उभ्या राहणाऱ्या अनेकांच्या उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

बँकेत नुकतीच रुजू झाले होते तेव्हा चार ड्रेसपीस आणि मोबाइलमधला एक फोटो घेऊन मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले. तुम्ही फोटोकडे पाहिले नाही. "तुमचा सगळ्यात जास्त घातलेला, जुन्यात जुना कुर्ता घेऊन या, मग बोलू," असे सांगून तुम्ही मला परत पाठवलेत. मला राग आला होता, हे आज कबूल करते. दुसऱ्या दिवशी तो विटका निळा कुर्ता तुम्ही टेबलावर पसरलात आणि एखादे जुने पत्र वाचावे तसा वाचू लागलात. उजव्या खांद्यावर रंग उतरला होता, कारण बॅग नेहमी त्याच खांद्याला. काखेतली शिवण ताणली गेली होती, म्हणजे मुंढा लहान कापलेला. डाव्या बाजूचा कट वरपर्यंत उसवला होता, कारण स्कूटरवर बसताना त्या घेरात पाय मोकळा होत नव्हता. एवढे सगळे सोसूनही मी तो टाकला का नाही, असे तुम्ही विचारलेत, आणि उत्तर शोधताना माझ्या लक्षात आले की त्याचे मऊ सुती कापड, पोटरीच्या वर येणारी उंची आणि ओढणी न घसरू देणारा बंद गळा या तीन गोष्टी मला इतर कोणत्याही कपड्यात एकत्र मिळाल्या नव्हत्या. "तुम्हाला काय शोभतं ते या कुर्त्याला ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात. त्यानंतरचा माझा प्रत्येक कुर्ता त्या तीन गोष्टींवरूनच बेतला गेला.

स्वतःची आवड कळायला मासिके चाळावी लागतात, असा माझा समज होता. आपल्या अंगावर झिजलेले कपडे जे सांगतात ते कोणतेही चित्र सांगू शकत नाही, हे मी तुमच्या टेबलापाशी शिकले.

तुमच्याच सांगण्यावरून मी त्या वर्षी गुढीपाडव्यापासून कालनिर्णयाच्या चौकटीत रोज काय घातले ते एका अक्षराने लिहू लागले. दिवाळीपर्यंत चित्र स्पष्ट झाले. कपाटात एकसष्ट कपडे होते आणि त्यांतले सतराच आलटून पालटून अंगावर येत होते. उरलेल्यांत सवलतीच्या मोहाने घेतलेले होते, कोणाच्या तरी लग्नापुरते शिवलेले होते, आणि 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेलेही होते. ते सगळे एकदम वाटून टाका, असे तुम्ही सांगितले नाहीत, आणि मला ते फार योग्य वाटते. एकेक आणायला लावून तुम्ही प्रत्येकाचा विचार केलात. दोन कुर्त्यांची फक्त बाही बदलली, एका अनारकलीची उंची कमी केली, आणि जे खरोखर माझे नव्हते ते ज्यांना बसतील त्यांच्याकडे गेले.

कापडाची पारख हा तुमच्या शिकवणीतला मला सर्वांत प्रिय भाग. तुमचे वडील एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते आणि अंगठा व तर्जनीत कापड चोळून त्याचा वजनदारपणा ओळखायला त्यांनीच तुम्हाला शिकवले, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागी आज मॉल उभा आहे, पण तिथल्या एका कामगाराच्या बोटांतले ज्ञान तुमच्या बोटांत आले आणि त्यातले थोडे माझ्यापर्यंत पोहोचले. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून तो जाळून पाहायला तुम्ही शिकवलेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते, रेशमाला जळत्या केसांचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. पारा पंचेचाळीस अंशांवर जातो त्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक दिवसांत, ही परीक्षा किती मोलाची आहे, ते नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. सूत घाम शोषून हवेत सोडते, पॉलिस्टर जवळजवळ काहीच शोषत नाही, आणि गांधीबागेच्या कापडबाजारात 'कॉटन' म्हणून हातात आलेल्या कितीतरी कापडांत दोन्हींचे मिश्रण असते. कोरे सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवल्याशिवाय तुम्ही कात्री लावत नव्हतात, कारण अडीच मीटर कापड दोन-तीन इंच सहज आटते. घाईत असलेली गिऱ्हाइके त्यावर चिडून दुसरीकडे जात, तरी तुम्ही तो नियम मोडला नाहीत.

शिलाईची माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, तुम्ही दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडत होतात. तयार कपड्यात ती जेमतेम सेंटिमीटरभर असते, म्हणून शरीर बदलले की तो कपडा संपतो. मुलीच्या जन्मानंतर माझे एकही माप पूर्वीचे राहिले नव्हते आणि मी सगळे कपडे बदलायच्या तयारीने आले होते. आरशासमोर उभे राहणेही मला नकोसे झाले होते. तुम्ही काही न बोलता नवे माप घेतलेत, जुन्या ओळीखाली लिहिलेत, जुने खोडले नाहीत, आणि सहा कुर्त्यांच्या बाजू उसवून ती माया मोकळी केलीत. आठ दिवसांनी तेच कपडे मला पुन्हा नीट बसले. तुमच्या सर्व उपकारांत हा माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेला आहे.

आईच्या करवतकाठी टसरच्या, म्हणजे जंगली रेशमाच्या, साडीचेही तसेच. ती कापून तिचा ड्रेस शिवावा, असा माझा विचार होता, कारण साडी मी वर्षातून एकदाच नेसत असे. तुम्ही ती उजेडाकडे धरून काठावरचे करवतीचे दाते दाखवलेत. अंग टसरचे आणि काठ सुताचा असतो, विणताना आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, आणि काठ व अंग दातांपाशी धाग्यात धागा अडकून जोडले जातात, हे मी पहिल्यांदा त्या दिवशी नीट पाहिले. हा मधासारखा रंग कोशाचा स्वतःचा आहे, तो रंगवलेला नाही, हेही तेव्हाच कळले. "याला मी कात्री लावणार नाही," असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. त्याऐवजी प्लॅस्टिकमधून काढून धुतलेल्या मलमलीत ठेवायला आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलायला सांगितलेत, कारण रेशीम वर्षानुवर्षे एकाच मोडीवर राहिले की तिथेच चिरते. तिच्यावर चालतील असे दोन सुती ब्लाउज तुम्ही शिवून दिलेत, आणि आता ती साडी मी हिवाळ्यात महिन्यातून दोनदा तरी नेसून कामावर जाते.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकले नाही. काळा रंग नागपूरच्या उन्हाचा नाही, हे तुमचे म्हणणे मे महिन्यापुरते अगदी खरे आहे, पण डिसेंबरातल्या थंड सकाळी काळ्या खादीचा तो कुर्ता मला फार आवडतो. तुम्ही तो नाराजीनेच शिवलात, तरी त्याची काजे इतर कुर्त्यांपेक्षाही सुबक आली आहेत.

आज माझ्या कपाटात चोवीस कपडे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची हकिकत मला ठाऊक आहे. काही नवीन घ्यायचा मोह झाला की तुमचा ठरलेला प्रश्न, "हे घालून जाणार कुठं?", आधी कानात ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा मी हात रिकामा घेऊन परतते.

डोळ्यांच्या त्रासामुळे आता सुईत दोरा ओवणे होत नाही, असे तुम्ही सांगितलेत. बोटांना मात्र अजून सगळे कळते. येत्या रविवारी मी मुलीला घेऊन तुमच्या घरी येते आहे. तिला तिचा पहिला कुर्ता शिवायचा आहे आणि तो शिवणारे कोणी तुम्हीच सुचवावे, अशी विनंती आहे. तिचा सर्वांत जास्त घातलेला फ्रॉक सोबत आणते. तो तुम्ही हाताने वाचा आणि तिला ऐकू द्या.

आपली कृतज्ञ,
मापाच्या वहीतल्या एका पानाची धनीण