इंजेक्शन लिहिताना टेस्टपण लिहा

मा. संपादक, स. न. वि. वि.

इम्युनोथेरपीबद्दल (कॅन्सरशी लढायला शरीराचीच प्रतिकारशक्ती मोकळी करणारी औषधं) पेपरात चमत्कार झाल्यासारखं छापून येतं म्हणून आमच्या घरचं कळवतोय. वडिलांना तोंडाचा कॅन्सर, तंबाखूचा. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी वर्षाच्या आत परत आला. एका खाजगी हॉस्पिटलात सांगितलं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्या, केमोचा त्रास नको, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. खर्च लाखांत. आईच्या पाटल्या आणि दोन म्हशी विकून दोन डोस दिले आणि तिसऱ्याच्या वेळी बघतो तर गाठ वाढलेली. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फाईल चाळून पहिलंच विचारलं, "पीडी-एल1 चा रिपोर्ट कुठाय?" आम्ही हे नावच पहिल्यांदा ऐकलं. गाठीत पीडी-एल1 नावाचं प्रथिन किती आहे ते बघायची ही टेस्ट.

ऑपरेशनमधला गाठीचा तुकडा मेणात बसवून लॅबमध्ये ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, बोटाच्या पेराएवढा असतो. अर्ज करून तो सोडवला, टेस्ट केली, सीपीएस म्हणजे त्या प्रथिनाचा स्कोअर 1 पेक्षा कमी आला. आता परत आलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिलंच औषध म्हणून हे एकटं द्यायचं तर सीपीएस निदान 1 तरी हवा, नाहीतर केमोच्या जोडीने देतात, हे 2019 पासून ठरलेलं आहे. गाठ या पीडी-एल1 ने आपल्या टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ब्रेक लावते आणि औषध तो ब्रेक काढतं, पण जिथे हा ब्रेकच फारसा नाही तिथे नुसतं काढून काय होणार? टेस्ट म्हणजे काही भविष्य नाही, स्कोअर चांगला असून उपयोग न झालेले पेशंटही असतात. पण म्हशी विकायच्या आधी ते कळायला नको का?

नव्या डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा अभ्यास समजावला. 151 पेशंट, सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या स्वस्तातल्या गोळ्या, आणि निम्म्यांना सोबत निवोलुमॅब हे तशाच प्रकारचं इंजेक्शन फक्त 20 मिलीग्रॅम तीन आठवड्यांनी, जिथे नेहमीचा डोस 240 मिलीग्रॅम दर दोन आठवड्यांनी असतो. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवाले 16.3 टक्के हयात होते, इंजेक्शन जोडलेले 43.4 टक्के. आपल्याच लोकांवर, आपल्या खिशाला झेपेल असं केलेलं काम आहे हे, आणि आमच्या तालुक्यात कुणाला माहीत नाही.

वडिलांना तेच सुरू केलं. दर डोसच्या आधी रक्त तपासायचे. चौथ्या वेळी ते दिवसभर पडून राहायला लागले, थंडी वाजते म्हणायचे, आम्ही धरून चाललो की आता संपत आलं. रक्तात टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं; या औषधाने थायरॉईडवर परिणाम होतो. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक गोळी सुरू केली आणि महिन्याभरात म्हातारा स्वतः उठून पारावर जाऊन बसायला लागला. अकरा महिने मिळाले आम्हाला, त्यात नातीचं बारसं झालं.

तुमच्या आरोग्य पानावर एकदा नीट लिहा की इंजेक्शन घेण्याआधी पीडी-एल1 झाली का विचारा, मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर एमएसआय (गाठीच्या डीएनएतला बिघाड बघणारी टेस्ट) विचारा, कमी डोस किंवा जोडीचं औषध चालेल का विचारा, आणि ऑपरेशननंतर ब्लॉक कुठल्या लॅबला आहे तो नंबर लिहून ठेवा. सरकारी योजनेत या टेस्टचे पैसे मिळतात का तेही छापा, आमच्याकडे अजून दोन घरं त्याच इंजेक्शनसाठी पैसे गोळा करतायत.

आपला एक वाचक,
बार्शी, जि. सोलापूर