चालवण्याआधीच निकाल

संपादक महोदय,

मे २०२४ मध्ये मारुतीची नवी स्विफ्ट आली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचा निकाल लागलेला होता : ‘तीनच सिलिंडर? थरथरणार!’ बोलणाऱ्यांपैकी एकानेही ती चालवली नव्हती. (ज्या ‘मारुती ८००’च्या आठवणींनी यांचे गळे दाटून येतात, तिलाही तीनच सिलिंडर होते.)

तीन सिलिंडरचे इंजिन चारच्या मानाने मुळातच थोडे जास्त हलते, हे खरे. पण त्यातले किती हादरे माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवतात ते रबरी आधार) गिळते आणि किती स्टिअरिंगपर्यंत पोचतात, हे कागदावरून कळत नाही. ताकद आधीच्या स्विफ्टच्या ९० पीएसवरून (अश्वशक्तीवरून) ८२ च्या आसपास आली, हेही खरे. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मात्र ११३ वरून ११२ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. सिग्नल ते सिग्नल अशा शहरी चालीत तोच जास्त कामाला येतो. उलट, कंपनीच्या मायलेजच्या आकड्यावर भाळणेही तितकेच घाईचे. लिटरला २४.८० किलोमीटर हा चाचणीतला आकडा, कात्रजच्या चढावरचा नव्हे.

न चालवता नक्की सांगता येते ते एवढेच : सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये आहेत, डिकी २६५ लिटरची आहे. बाकी शोरूममध्ये आईला मागच्या सीटवर बसवून पाहावे. माझ्या आईने उतरताना दाराचा वरचा कोपरा धरला आणि म्हणाली, “खिडकी लहान आहे रे.” हे मला कोणी सांगितले नव्हते.

– एक वाचक, पुणे