टेन्शन फक्त डोक्यात नसतं

मा. संपादक,

ताणाचा विषय निघाला की सगळे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून मोकळे होतात, पण शरीरात नक्की काय होतं ते कोणी धड सांगतच नाही, म्हणून हे पत्र. धोका दिसला की किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, ठोके वाढतात, रक्तात साखर वाढते, पळायला ताकद मिळते. थोडा वेळ हे बरंच आहे. घोळ होतो तो महिनोन्महिने हेच चालू राहिलं की, मग बीपी वर, झोपेचं खोबरं आणि प्रतिकारशक्तीही ढेपाळते. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर मुद्दाम छोटीशी जखम केली (त्यांच्या परवानगीनेच हं) आणि ती भरायला इतर बायकांपेक्षा साधारण ९ दिवस जास्त लागले, म्हणजे काळजीने कातडीसुद्धा उशिरा सांधते! आणि आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आले की घरचेच म्हणतात, नाटकं आहेत सगळी. ते तरी बंद करा राव.

– एक वाचक