फ्रेंच वाईनचा संग्रह : नाव मोठे की साठवण?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच रेड वाईनच्या संग्रहाविषयी आलेला लेख वाचला. फ्रान्समधील बोर्दो या वाईनप्रदेशातल्या पाच ‘प्रथम श्रेणी’ शातोंची (म्हणजे स्वतःच्या मळ्यांतली वाईन बनवणाऱ्या घरांची) नावे, त्यांचे लिलावातील भाव आणि ‘घेऊन ठेवा, किंमत वाढतच जाईल’ हा सल्ला, एवढ्यावर तो संपतो. नव्याने संग्रह करू पाहणाऱ्यांची त्यामुळे दिशाभूल होईल असे वाटल्याने, बरीच वर्षे बोर्दोत राहणारा आपला वाचक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

लेखाने प्रमाण मानलेली श्रेणीरचना १८५५ ची आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी ती प्रामुख्याने त्या वेळच्या बाजारभावांवरून तयार केली. बोर्दोतील मेदॉक या भागाबाहेरचा ओ-ब्रियाँ हा एकच शातो रेड वाईनच्या त्या यादीत आला. नदीपलीकडचे सेंत-एमिलियाँ आणि पोमरॉल हे भाग पूर्णपणे वगळले गेले. आणि १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड या शातोला पहिल्या श्रेणीत मिळालेली बढती सोडली, तर त्यानंतर श्रेणींत उल्लेखनीय फेरबदल झालाच नाही. आज ज्याची बाटली अनेक प्रथम श्रेणी शातोंपेक्षा महाग विकली जाते, तो पोमरॉलचा पेत्रूस ज्या यादीत नाही, तिच्या भरवशावर खरेदी किती करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. बरगंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या वाईनप्रदेशात तर नुसत्या मळ्याच्या नावावर जाणे अधिकच धोक्याचे. क्लो द वूजो हा सुमारे पन्नास हेक्टरांचा एकच मळा ऐंशीच्या आसपास मालकांत वाटला गेला आहे. सर्वांच्या बाटलीवर मळ्याचे नाव तेच असते. उत्पादकाचे नाव मात्र बारीक अक्षरांत शोधावे लागते, आणि वाईनची खरी परीक्षा त्या बारीक अक्षरांतच असते.

मुळात मुरवण्याजोगी वाईन थोडीच असते. द्राक्षांच्या साली आणि बिया यांतून उतरलेले तुरट घटक कालांतराने एकमेकांशी व रंगद्रव्यांशी जोडले जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होतो, ताज्या फळांचा वास मागे पडून चामडे, तंबाखू, ओली पाने असे वास पुढे येतात. मात्र त्यासाठी सुरुवातीलाच पुरेसा तुरटपणा, आंबटपणा आणि फळाचा दाटपणा हवा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी, ताजीच प्यायची बोजोले नूव्हो दहा वर्षे ठेवली, तर हाती काहीच लागणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, एका नामांकित बाटलीच्या पैशांत एकाच साध्या पण टिकाऊ वाईनच्या एकाच हंगामातल्या सहा किंवा बारा बाटल्या घ्याव्यात. ओ-मेदॉकमधील एखादी क्रू बूर्ज्वा (१८५५ च्या यादीबाहेरच्या शातोंची श्रेणी), ऱ्होन खोऱ्यातील कॉर्नास, नैर्ऋत्येकडील मादिराँ किंवा भूमध्यसागराजवळची बांदॉल यांपैकी काहीही चालेल. पहिली बाटली चार-पाच वर्षांनी उघडावी, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने. मधल्या काळात वाईन अनेकदा मिटल्यासारखी होते, वास देत नाही, नुसती तुरट लागते; तेव्हा उरलेल्या बाटल्या घाईने वाटून टाकू नयेत. एकच बाटली जपून ठेवणाऱ्याला हे कळण्याची सोयच नसते, आणि तो बहुधा ती चुकीच्या वर्षी उघडतो.

साठवणीबद्दल लेखात एक ओळही नाही, याचे सर्वांत नवल वाटले. तापमान बारा ते चौदा अंशांच्या आसपास आणि वर्षभर शक्यतो सारखे, हवेत सत्तर टक्क्यांच्या सुमारास दमटपणा, अंधार, आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी, ही किमान व्यवस्था झाली. येथून सुट्टीवर जाताना नेलेल्या उत्तम बाटल्या पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत शोकेसमध्ये उभ्या ठेवलेल्या पाहिल्या आहेत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेथे जे घडते त्याला मुरणे म्हणत नाहीत, शिजणे म्हणतात. घरी वाईनसाठीचे शीतकपाट नसेल, तर दोन-तीन वर्षांत संपेल तेवढेच घ्यावे.

जुनी बाटली विकत घेताना ती कुणाच्या तळघरातून आली याची कागदपत्रे मागावीत आणि बाटलीतली पातळी पाहावी. बोर्दोच्या बाटलीत ती मानेपासून खांद्याच्या खाली उतरली असेल, तर बूच गळले किंवा सुकले असण्याचा संभव मोठा. बनावट मालाचा प्रश्न तर लिलावगृहांनाही सुटलेला नाही : २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बरगंडीतील पोंसो या उत्पादक घराण्याच्या, क्लो सां-दनी मळ्याच्या अशा बाटल्या आल्या होत्या, ज्यांवर छापलेल्या वर्षी त्या घराण्याने ती वाईन बनवायला सुरुवातही केलेली नव्हती. त्या पुरवणाऱ्या रूडी कुर्नियावानला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली.

पुढील लेखात भावांचा तक्ता थोडा आखडता घेऊन साठवणीच्या माहितीला जागा द्यावी, तसेच महाराष्ट्रात घरी मद्य बाळगण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचाही उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
बोर्दो, फ्रान्स